कोरडा गेलेला प्रोब

बोअर कोरडा गेला की आपल्याकडं एक जण म्हणतो, रानात पाणीच नाही. दुसरा विचारतो, कुठं घेतला, किती फूट गेला, केसिंग कुठवर टाकलं? कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; त्यातल्या फंक्शनवर प्रोब, म्हणजे ते चाललं की नोंद टिपणारा पहारा, बसवणाऱ्यानं या दुसऱ्याच्या पंगतीत बसावं. प्रोब बसला, एरर आली नाही, आणि ट्रेसमध्ये, म्हणजे त्या नोंदींच्या यादीत, एकही ओळ पडली नाही, तरी ते फंक्शन चाललंच नाही असं म्हणता येत नाही. कंपायलरनं ते दुसऱ्या फंक्शनात विरघळवलेलं असेल, एकाच नावाची दोन फंक्शनं असून तुम्ही भलतंच धरलं असेल, किंवा नोंदी मधेच गळाल्या असतील. लिनक्समधली प्रोब बसवायची सोय, केप्रोब, धरून हे बघू. मशीन एक्स८६-६४ आहे असं समजतो.

आज्ञा, फाइली आणि फंक्शनांची नावं खाली उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

उदाहरणाला लातूरच्या मोंढ्यातलं एखादं अडत दुकान घेऊ. सोयाबीनचा हंगाम, दारात ट्रॅक्टरची रांग. पोतं काट्यावर चढतं, वजन संगणकात जातं, पावती छापून बाहेर येते. एरवी लगेच येते, मधूनच मात्र चार-चार सेकंद सगळं थांबतं आणि हमाल पुढचं पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा. मशीन साधं: चार कोअर, फिरणारी हार्ड डिस्क, ईएक्सटी४ फाइल सिस्टिम, आणि पावतीच्या प्रोग्रामचा डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलीत. सीपीयू रिकामा, मेमरी भरपूर, टॉप या आज्ञेत काही दिसत नाही. एसक्यूलाइट त्याच्या मूळ सेटिंगवर प्रत्येक व्यवहारासाठी एक जर्नल फाइल नव्यानं बनवतं, ती डिस्कवर पक्की करतं, मग मूळ फाइल पक्की करतं, मग जर्नल पुसतं. डिस्कवर पक्कं करण्याच्या या कामाला सिंक म्हणतात; एका पावतीमागं असे तीन-चार होतात. संशय तिथंच जातो. पण सिंक म्हणजे कर्नलातली बरीच लांब वाट आहे, आणि चार सेकंद त्या वाटेवर नेमके कुठं जातात ते बाहेरून कळत नाही.

बाइट बदलतो तेव्हा

केप्रोब मुख्य कर्नलात २.६.९ मध्ये, २००४ साली आला. कर्नलचा कोड मेमरीत पडलेला आहे. त्यातल्या हव्या त्या इंस्ट्रक्शनचा पहिला बाइट उचलायचा आणि तिथं सीसी हा बाइट ठेवायचा. एक्स८६ वर सीसी म्हणजे आयएनटी३, ब्रेकपॉइंट. हे इंस्ट्रक्शन एकाच बाइटाचं आहे हे फार सोयीचं, कारण एक बाइट अर्धवट लिहिला जात नाही. दुसरा कोअर त्याच क्षणी तिथून जात असला तरी त्याला जुना बाइट दिसेल नाहीतर नवा. मूळ इंस्ट्रक्शनची प्रत बाजूला एका कप्प्यात ठेवलेली असते. सीपीयू सीसीवर आला की ट्रॅप होतो, म्हणजे चालू काम मधेच थांबतं, तुमचा हँडलर (नोंद करणारा कोड) चालतो, मग मूळ इंस्ट्रक्शनचं काम उरकून गाडी पुढच्या पत्त्याला लागते. यात एक खोच आहे. इंस्ट्रक्शन जर स्वतःच्या पत्त्यापासून अंतर मोजून मेमरी वाचत असेल, तर कप्प्यात आल्यावर ते अंतर चुकणार. कर्नल ते दुरुस्त करून ठेवतो, आणि ते जमावं म्हणून कप्पा मूळ कोडपासून २ जीबीच्या टप्प्यातच असावा लागतो. एआरएम६४ वर प्रत्येक इंस्ट्रक्शन ४ बाइटांचं. तिथं सीसीच्या जागी बीआरके बसतं.

गंमत अशी की फंक्शनच्या तोंडावर प्रोब ठेवला तर आजच्या बहुतेक डिस्ट्रो कर्नलांत आयएनटी३ बसतच नाही. एफट्रेस या कर्नलच्याच नोंद टिपायच्या सोयीसाठी कंपायलरनं जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला ५ बाइटांची रिकामी जागा सोडलेली असते. केप्रोब तीच वापरतो, म्हणजे ट्रॅपऐवजी साधा कॉल होतो. फंक्शनच्या पोटात कुठं प्रोब ठेवला तर आधी आयएनटी३ बसतो, आणि अटी जुळल्या तर थोड्या वेळानं त्याच्या जागी ५ बाइटांची जंप येते. मुख्य अट ही, की त्या ५ बाइटांच्या मधे दुसरीकडून कुठली उडी येऊन पडत नसावी. डीबगएफएस (/सिस/कर्नल/डीबग) मधल्या केप्रोब्स/लिस्ट या फाइलीत प्रत्येक प्रोबसमोर एफट्रेस किंवा ऑप्टिमाइज्ड असा शिक्का असतो. शिक्का नसेल तर तो ट्रॅपवाला.

हा फरक केवढा, ते कर्नलच्या स्वतःच्या कागदपत्रांतच दिलंय. २.३३ गिगाहर्ट्झच्या झिऑन ई५४१० वर ६४-बिट कर्नलात ट्रॅपवाला प्रोब ०.९९ मायक्रोसेकंद घेतो, सिंगल-स्टेप (मूळ इंस्ट्रक्शननंतरचा दुसरा ट्रॅप) वाचवलेला ०.४३, जंपवाला ०.०६. मशीन जुनं आहे, पण गुणोत्तर डोक्यात ठेवावं. सेकंदाला १० लाख वेळा चालणाऱ्या फंक्शनवर ट्रॅपवाला प्रोब ठेवला तर जवळपास एक अख्खा कोअर नुसत्या ट्रॅपमध्ये जातो. सिंक सेकंदाला शंभर वेळा झाला तरी खर्च नगण्य. शेड्युलर, लॉक, मेमरी वाटप यांच्या वाटेला जाताना मात्र आधी हा गुणाकार करा, मग हात लावा.

पहिली जागा, आणि ती का फसते

तयारी थोडीच आहे. रूट लागतो. बूट डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलीत कॉन्फिग_केप्रोब्स आणि कॉन्फिग_केप्रोब_इव्हेंट्स दोन्ही चालू हवेत. उबंटू, डेबियन, फेडोरात असतात. सिक्युअर बूटमुळं लॉकडाउन (कर्नलला हात लावण्यावरची बंधनं) लागलं असेल तर 'इंटेग्रिटी' पातळीला केप्रोब चालतो, 'कॉन्फिडेन्शिॲलिटी' पातळीला अडवला जातो. हार्डवेअर काउंटर लागत नसल्यामुळं व्हर्च्युअल मशीनमध्येही चालतो. नांदेड किंवा संभाजीनगरच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये सराव करायचा तर तेवढं पुरे. दुकानाच्या चालू मशीनवर मात्र पहिला हात साफ करू नये, हे सांगायला नको.

नाव खरंच आहे का ते /प्रॉक/कॉलसिम्स या कर्नलमधल्या नावांच्या यादीत बघायचं. रूट नसाल तर तिथं सगळे पत्ते शून्य दिसतात, घाबरू नका. सिंकसाठी पहिल्यांदा सुचतं ते व्हीएफएस_एफसिंक_रेंज: सगळ्या फाइल सिस्टिमांना सामाईक, नावही ओळखीचं. मग /सिस/कर्नल/ट्रेसिंग मधल्या केप्रोब_इव्हेंट्स या फाइलीत ही ओळ जोडायची:

पी:सिंक_वर व्हीएफएस_एफसिंक_रेंज डेटासिंक=%सीएक्स:एस३२

पी म्हणजे प्रोब, कोलनपुढं तुम्ही ठेवलेलं नाव, मग फंक्शन, मग काय वाचायचं ते. एक्स८६-६४ वर पहिले सहा आर्ग्युमेंट डीआय, एसआय, डीएक्स, सीएक्स, आर८, आर९ या रजिस्टरांत येतात. या फंक्शनचे चार आहेत: फाइल, सुरुवात, शेवट, डेटासिंक. चौथा हवा म्हणून सीएक्स. तो इंट आहे म्हणून एस३२. हे लिहिलं नाही तर अख्खं ६४-बिट रजिस्टर हेक्समध्ये येतं आणि वरच्या ३२ बिटांतला कचराही सोबत दिसू शकतो. कर्नल ४.२० पासून $आर्ग४ असंही लिहिता येतं. तेच लिहावं, कारण एआरएमवर हीच रजिस्टरं एक्स०, एक्स१ अशी असतात आणि तुमची ओळ तिथं न बदलता चालते.

इथं तीन चुका हमखास होतात. एक, ओळ दुहेरी अवतरणात टाकली की शेल $आर्ग४ स्वतःच गिळून टाकतो. एकेरी अवतरणच वापरा. दोन, >> ऐवजी > टाकला की आधी बसवलेले सगळे प्रोब पुसले जातात. तीन, इकोच्या आधी सुडो लावलं तरी बाणाची बाजू तुमच्या साध्या शेलकडंच राहते आणि परवानगी नाकारली जाते. सुडो टी -ए वापरा. ओळ नाकारली गेली तर त्याच डिरेक्टरीतल्या एरर_लॉग फाइलीत कर्नल ५.२ पासून नेमक्या चुकलेल्या अक्षराखाली खूण येते. नुसतं 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' वाचून डोकं खाजवायचे दिवस गेले.

आता इव्हेंट्स/केप्रोब्स/सिंक_वर/एनेबल मध्ये १ लिहा, ट्रेस_पाइप उघडून ठेवा, नोंदी तिथं पडतात. समजा काट्यावर पाच पोती चढली, पाच पावत्या निघाल्या, आणि ट्रेस कोरडा.

सिंकची सिस्टिम कॉल (प्रोग्रामनं कर्नलकडं केलेली मागणी), व्हीएफएस_एफसिंक आणि व्हीएफएस_एफसिंक_रेंज ही तिन्ही एकाच सोर्स फाइलीत आहेत. आतलं फंक्शन लहान आहे आणि एकाच फाइलीतलं आहे, म्हणून कंपायलर ते वरच्या फंक्शनात सरळ ओतून टाकू शकतो. पण ते इतर मोड्यूलांसाठी एक्सपोर्टही केलेलं आहे, म्हणून त्याची एक सुटी प्रत ठेवावीच लागते. कॉलसिम्समध्ये दिसते ती ही सुटी प्रत. प्रोब तिच्यावर बसतो, एरर यायचं कारणच नाही, आणि सिस्टिम कॉलची वर्दळ तिच्या बाजूनं निघून जाते. कुठल्या कर्नलात हे घडतं आणि कुठल्यात नाही, हे त्या-त्या बिल्डवर ठरतं. कालचं मशीन बोललं म्हणून आजचं बोलेल असं नाही.

म्हणून प्रोब एकटा कधी ठेवू नका, शेजारी एक साक्षीदार ठेवा. कर्नलात आधीपासून शिवलेले ट्रेसपॉइंट या कामाला उत्तम: ते सोर्समध्येच लिहिलेले असतात, फंक्शन असं ओतलं गेलं, म्हणजे इनलाइन झालं, तरी त्यांची जागा हलत नाही. आपल्या उदाहरणात इव्हेंट्स/ईएक्सटी४ खाली ईएक्सटी४_सिंक_फाइल_एंटर आहे. तो चालू केला आणि त्याच्या वीस ओळी पडल्या, तर केप्रोब_प्रोफाइल उघडून आपल्या प्रोबचा आकडा बघा. तिथं प्रत्येक प्रोबपुढं दोन आकडे असतात, लागलेले आणि हुकलेले. लागलेले ०, हुकलेले ०, आणि साक्षीदाराच्या वीस ओळी, म्हणजे पाणी आहे, जागा चुकली. खात्रीच हवी असेल तर डीबग सिम्बॉल असलेलं व्हीएमलिनक्स ऑब्जडंपनं उलगडा आणि व्हीएफएस_एफसिंक मध्ये त्या नावाची कॉल उरलीय का बघा. डीबग माहिती हाताशी असेल तर पर्फ प्रोब ही आज्ञा इनलाइन झालेल्या प्रत्येक जागी वेगळा प्रोब ठेवून देते.

जागा निवडायचा माझा नियम सोपा आहे: जे फंक्शन पॉइंटरमधून बोलावलं जातं ते धरा. ईएक्सटी४_सिंक_फाइल हे फाइल ऑपरेशनांच्या तक्त्यात बसलेलं आहे. व्हीएफएसला (सगळ्या फाइल सिस्टिमांच्या वरच्या सामाईक थराला) कंपाइल होताना माहीतच नसतं की खाली ईएक्सटी४ आहे की एक्सएफएस, मग तो ते ओतणार कशात? त्याखालोखाल भरवशाची ती फंक्शनं, जी एका सोर्स फाइलीत लिहिली आहेत आणि दुसरीतून बोलावली जातात. सगळ्यात बेभरवशाची म्हणजे लहान, स्टॅटिक (स्वतःच्या फाइलीपुरतीच), एकदाच बोलावली जाणारी. त्यांचं नाव कॉलसिम्समध्ये असेल तरच नवल.

नावाच्या शेपट्याही बघा. जीसीसी या कंपायलरनं फंक्शनचे आर्ग्युमेंट कापले तर नावापुढं .आयएसआरए.० लागतं, एखाद्या ठरलेल्या किमतीसाठी वेगळी प्रत काढली तर .कॉन्स्टप्रॉप.०, तुकडा पाडला तर .पार्ट.०, क्वचित चालणारा भाग दूर नेऊन टाकला तर .कोल्ड. आयएसआरएवाल्या प्रतीत आर्ग्युमेंटांचा क्रम सोर्समध्ये दिसतो तसा राहिला असेल असं मानू नका. एसआयमध्ये तिसराच कोणी बसलेला सापडतो आणि तो आकडा दिसायला अगदी खरा वाटतो. कोरड्या प्रोबपेक्षा हा वाईट. एकाच नावाची दोन स्टॅटिक फंक्शनं वेगवेगळ्या फाइलींत असली तर जुने कर्नल गुपचूप त्यातलं एक धरायचे.

काही जागा कर्नल देतच नाही. ट्रॅप हाताळणारा कोड, खुद्द केप्रोबचा कोड यांवर प्रोब ठेवला तर हँडलरमधून परत ट्रॅप, त्यातून परत हँडलर असं चक्र लागेल, म्हणून त्यांची यादी केप्रोब्स/ब्लॅकलिस्ट मध्ये आहे. अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्स मध्ये नाव नसलेल्या फंक्शनवरही केप्रोब_इव्हेंट्स सहसा नकार देतो. आणि फंक्शनच्या पोटात ऑफसेट देऊन प्रोब ठेवत असाल तर तो पत्ता इंस्ट्रक्शनच्या सुरुवातीचाच हवा. कर्नल फंक्शनच्या आरंभापासून एक-एक इंस्ट्रक्शन उलगडत येतो आणि मधला पत्ता दिला तर परत पाठवतो.

चार सेकंदांचा माग

आता जागा बदलून चार ओळी जोडू. डेबियनमध्ये ईएक्सटी४ हे मोड्यूल असतं, तिथं फंक्शनच्या नावाआधी ईएक्सटी४ आणि कोलन लावा, जेबीडी२ ला (ईएक्सटी४ चं स्वतःचं जर्नल सांभाळणारा भाग) तसंच.

पी:सिंक_आत ईएक्सटी४_सिंक_फाइल डेटासिंक=$आर्ग४:एस३२
आर१००:सिंक_बाहेर ईएक्सटी४_सिंक_फाइल परत=$रेटव्हॅल:एस३२
पी:कमिट_आत जेबीडी२_कम्प्लीट_ट्रान्झॅक्शन टिड=$आर्ग२:यू३२
आर१००:कमिट_बाहेर जेबीडी२_कम्प्लीट_ट्रान्झॅक्शन परत=$रेटव्हॅल:एस३२

आर म्हणजे रिटर्न प्रोब. १०० कशाला ते पुढं येतंच. सोबत इव्हेंट्स/जेबीडी२ खालचे ट्रेसपॉइंट चालू करा. अडकलेल्या एका सिंकचा ट्रेस असा दिसेल, पत्त्यांचा भाग गाळून:

पावती-२१४३ [००२] ८१२३.४०१५५७: सिंक_आत: डेटासिंक=१
पावती-२१४३ [००२] ८१२३.४०७९१२: कमिट_आत: टिड=५८८१२०
पावती-२१४३ [००१] ८१२७.५९८०९४: कमिट_बाहेर: परत=०
पावती-२१४३ [००१] ८१२७.५९८२१०: सिंक_बाहेर: परत=०

वजाबाकी करा. एकूण ४.१९६६५३ सेकंद. पहिल्या दोन ओळींतले साडेसहा मिलिसेकंदांच्या आतले ०.००६३५५ सेकंद फाइलीचा स्वतःचा डेटा डिस्कवर जाण्यात गेले. फिरत्या डिस्कला एवढं लागतंच. उरलेल्यातले ४.१९०१८२ सेकंद ईएक्सटी४ चा ५८८१२० क्रमांकाचा व्यवहार पक्का होण्याची वाट बघण्यात गेले. झोपताना प्रोसेस कोअर २ वर होती, उठली ती १ वर. म्हणून जोड्या लावायच्या त्या कोअरच्या आकड्यावरून नाही, प्रोसेसच्या आकड्यावरून.

वाट बघत होती ती जेबीडी२/एसडीए२-८ अशा नावाच्या कर्नल थ्रेडची. ईएक्सटी४ मध्ये सगळ्या फाइलींचे बदल एकाच चालू व्यवहारात गोळा होतात, आणि नेहमीच्या ऑर्डर्ड पद्धतीत नव्यानं जागा मिळालेल्या ब्लॉकांचा डेटा आधी डिस्कवर पोचल्याशिवाय तो व्यवहार बंद होत नाही. म्हणजे पावतीची चार केबीची जर्नल फाइल अशा कोणाच्या तरी मागं उभी असू शकते, ज्याचा तिच्याशी काही संबंध नाही. एसटीत पुढच्याचं गाठोडं चढेपर्यंत आपण खालीच, तसं.

ते गाठोडं कोणाचं? जेबीडी२ चे ट्रेसपॉइंट व्यवहाराचे टप्पे दाखवतात, पण जेबीडी२_कमिट_लॉगिंग आणि जेबीडी२_एंड_कमिट यांच्या मधे मेटाडेटा लिहिणं, दुसऱ्यांच्या डेटाची वाट बघणं आणि डिस्कचा फ्लश हे सगळं एकत्र पडतं. इथं ट्रेसपॉइंट संपतो आणि केप्रोबची खरी गरज लागते. कर्नल ५.१० पासून डेटाची वाट बघायचं काम एका पॉइंटरमधून होतं, आणि ईएक्सटी४ तिथं ईएक्सटी४_जर्नल_फिनिश_आयनोड_डेटा_बफर्स हे फंक्शन लावतं. ते स्टॅटिक आहे, पण पॉइंटरमधून बोलावलं जातं, म्हणजे आपल्या नियमात बसतं. त्यावर पी आणि आर ठेवा.

आर्ग्युमेंट एकच, जेबीडी२_आयनोड या स्ट्रक्चरचा पॉइंटर. त्यातून फाइलीचा आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिममधली तिची ओळख) काढायला दोन उड्या लागतात. ऑफसेट अंदाजानं टाकू नका. पाहोल ही आज्ञा कर्नलच्या बीटीएफ (डेटाच्या रचनांच्या) माहितीतून प्रत्येक मेंबरचा ऑफसेट छापते. तिथं आय_व्हीएफएस_आयनोड ३२ वर आणि आय_आयएनओ ६४ वर आला, तर ओळ अशी:

पी:डेटा_आत ईएक्सटी४_जर्नल_फिनिश_आयनोड_डेटा_बफर्स आयएनओ=+६४(+३२($आर्ग१)):यू६४

आतून बाहेर वाचा: पॉइंटरमध्ये ३२ मिळवून तिथलं मूल्य, त्यात ६४ मिळवून तिथलं मूल्य. दुसऱ्या कर्नलात हे आकडे वेगळे असू शकतात, आणि चुकीच्या ऑफसेटला कर्नल एरर देत नाही, निमूट भलताच आकडा देतो. मिळालेला क्रमांक फाइंडच्या -आयनम पर्यायाला द्यायचा, सोबत -एक्सडेव्ह लावून. दुकानात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्याच पार्टिशनवर चाललेलं असेल तर फाइल तीच निघण्याची शक्यता दांडगी. मग उपाय कर्नलात नाही; रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर हलवा.

नोंदी कुठं गळतात

रिटर्न प्रोब कसा चालतो ते कळलं की १०० चं कोडं सुटतं. फंक्शनला आत शिरताना अडवलं जातं, स्टॅकवरचा परतीचा पत्ता काढून बाजूला लिहून ठेवला जातो आणि तिथं केप्रोबच्या स्वतःच्या कोडचा पत्ता ठेवला जातो. फंक्शन परतलं की आधी इथं येतं, मग खऱ्या घरी. ते बाजूला लिहून ठेवायच्या जागा मोजक्या असतात. आकडा दिला नाही तर १० किंवा शक्य कोअरांच्या दुप्पट, यातलं जे मोठं ते. चार कोअरांच्या मशीनला १०. झटक्यात संपणाऱ्या फंक्शनला हे भरपूर झालं. पण सिंक चार सेकंद झोपतं. त्या वेळात २५ थ्रेड आत शिरले तर शेवटच्या १५ जणांचं परतणं नोंदलंच जात नाही. आत आलेले दिसतात, बाहेर पडलेले दिसत नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं प्रोसेस अडकून बसल्या. केप्रोब_प्रोफाइलचा हुकलेल्यांचा आकडा वाढत असेल तर आधी इथं बघा. ४०९६ पर्यंत आकडा देता येतो.

परतीचं आणखी एक. फंक्शनची शेवटची ओळच दुसऱ्या फंक्शनची कॉल असेल तर कंपायलर कॉलऐवजी जंप टाकतो. मग पहिल्याचं परतणं हे दुसऱ्याच्या परतण्याबरोबरच नोंदलं जातं. जेबीडी२_कम्प्लीट_ट्रान्झॅक्शन मध्ये शेवटी वाट बघणारं फंक्शनच बोलावलेलं आहे, तेव्हा तिथं असं होऊ शकतं. आपला एकूण वेळ त्यानं बदलत नाही, पण दोघांचे वेळ वेगवेगळे मोजून बेरीज करायला गेलात तर हिशेब दुप्पट होईल.

ट्रेसचा बफर प्रत्येक कोअरला वेगळा, वापरात आला की साधारण १४०८ केबीचा. भरला की जुन्या ओळींवर नव्या लिहिल्या जातात. पर_सीपीयू खालच्या प्रत्येक कोअरच्या स्टॅट्स फाइलीत ओव्हररनचा आकडा शून्याच्या वर दिसला तर बफर_साइझ_केबी वाढवा, किंवा इव्हेंटच्या फिल्टर फाइलीत अट लिहून नको त्या ओळी गाळा.

यूजर प्रोग्रामच्या मेमरीतली स्ट्रिंग वाचताना कधीकधी नावाच्या जागी नुसतं 'फॉल्ट' येतं. फाइल उघडणाऱ्या डू_सिस_ओपनॲट२ वर फाइलीचं नाव यूस्ट्रिंग म्हणून वाचायला गेलं की हे भेटतं. हँडलर झोपू शकत नाही. नाव असलेलं पान अजून मेमरीत आलेलं नसेल तर ते आणण्यासाठी थांबता येत नाही. फंक्शन परतेपर्यंत कर्नलनं स्वतःच ते नाव वाचलेलं असतं आणि पान हजर असतं. म्हणून पॉइंटर आत शिरताना जपून ठेवायचा आणि स्ट्रिंग परतताना वाचायची. जुन्या कर्नलांत नुसत्या केप्रोब_इव्हेंट्समध्ये ही जपणूक अवघड जाते. बीपीएफट्रेस या साधनात थ्रेडच्या क्रमांकावर मॅपमध्ये ठेवून देता येतं, आणि वेळांचा हिस्टोग्रामही तिथंच मिळतो. बीपीएफ प्रोग्राम (कर्नलात चालवायचे छोटे प्रोग्राम) केप्रोबला जोडायची सोय ४.१ पासून आहे. मात्र बीपीएफट्रेस वापरलं म्हणून इनलाइन झालेलं फंक्शन बोलू लागत नाही. आणि जुन्या लेखांत जेप्रोब दिसला तर तो भाग सोडून द्या, ४.१५ मध्ये तो बंद केला आणि नंतर कर्नलातून काढून टाकलाय.

काम झालं की काढताना क्रम पाळा. आधी प्रत्येक इव्हेंटच्या एनेबलमध्ये ०, मग केप्रोब_इव्हेंट्समध्ये उणे, कोलन आणि नाव. चालू इव्हेंट पुसायला गेलात तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' येतं. कुठं तरी ट्रेस_पाइप उघडा आहे म्हणून नाही, इव्हेंट चालू आहे म्हणून. बीपीएफट्रेसचा प्रोग्राम बंद केला की त्याचे प्रोब आपोआप निघतात, पण ट्रेसिंग डिरेक्टरीत हातानं बसवलेले प्रोब टर्मिनल बंद करून घरी गेलात तरी मशीन रीबूट होईपर्यंत तसेच राहतात. निघण्याआधी केप्रोब्स/लिस्ट एकदा उघडा. ती रिकामी दिसली पाहिजे.